मातीतेलाची पाळी

सावंगी हे नाव लिहिताना कंस विसरून चालत नाही. महाराष्ट्रात सावंग्या पुष्कळ आहेत. आमची सावंगी ती सावंगी (मेघे). वर्ध्याच्या आसपास सिंदी (मेघे), बोरगाव (मेघे), उमरी (मेघे) अशी कंसातली बरीच भावंडे नांदतात. मी मराठीचा मास्तर. मुलांच्या निबंधांतले अनावश्यक कंस खोडण्यात माझी वीस वर्षे गेली. पण हा कंस खोडण्याची माझी छाती नाही. खोडला तर टपाल भलत्याच जिल्ह्यात जायचे!

बाहेरच्या जगाला हे गाव ठाऊक आहे ते १९९० साली इथे निघालेल्या वैद्यकीय महाविद्यालयामुळे आणि आचार्य विनोबा भावे यांच्या नावाने चालणाऱ्या मोठ्या रुग्णालयामुळे. पण मला बोलावणे आले ते तिथून नव्हे. ते आले गावातल्या एका प्राथमिक शाळेतून. भाद्रपदातल्या एका संध्याकाळी दोन शिक्षक दारात उभे राहिले. शाळेत विद्यार्थ्यांचा गुणगौरव आणि शाळेला मदत करणाऱ्या गावकऱ्यांचा सत्कार असा जोडसमारंभ होता, आणि प्रमुख पाहुणे म्हणून मी यावे असा त्यांचा आग्रह होता.

“पण मीच का?” मी विनयाने विचारले. असे विचारताना मनात उत्तर तयार असते, हे वाचकांना सांगायला नको.

“ज्यांना बोलावलं होतं ते परगावी गेले सर,” त्यांतला धाकटा शिक्षक निष्पापपणे म्हणाला. थोरल्याने त्याला कोपर मारले, पण उशीर झाला होता. आत चहा गाळणाऱ्या आमच्या सौभाग्यवतींना ते ऐकू गेले, आणि चहा बाहेर यायला जरा वेळ लागला. हसू आवरायला वेळ हा लागतोच.

पाहुणे गेल्यावर आमची कन्या गणिताची उत्तरपत्रिका घेऊन आली. वीसपैकी सतरा. मी चश्मा वर केला आणि पिढ्यान्पिढ्या चालत आलेला प्रश्न विचारला, “तीन कुठे गेले?” ती काही बोलली नाही. उत्तरपत्रिकेची घडी घालून आत निघून गेली. मी गुणगौरवाच्या भाषणाची टिपणे काढायला बसलो.

भाषण दणदणीत व्हायचे होते. वर्ध्यात राहून प्राथमिक शाळेत बोलायचे म्हणजे विषय शोधत हिंडावे लागत नाही. या देशातल्या शाळेने काय शिकवावे, याचा एक मोठा खल आमच्या गावातच झालेला आहे. मी ग्रंथालयातून चार पुस्तके आणली, दोन रात्री जागलो आणि आठ पाने लिहून काढली. ते भाषण झाले नाही. का झाले नाही ते पुढे येईलच. पण दोन रात्रींचे तेल असे वाया कसे जाऊ द्यायचे? म्हणून त्याचा सारांश तुमच्या माथी मारतो. दिवाळीच्या फराळात एखादा कडक लाडू असतोच, तसा गोड मानून घ्यावा.

गोष्ट १९३७ सालची. तारखा २२ आणि २३ ऑक्टोबर. दिवाळीला पंधरा दिवसही उरले नव्हते. वर्ध्याच्या मारवाडी शिक्षण संस्थेने बोलावलेल्या परिषदेला देशभरातून शिक्षणतज्ज्ञ आणि निरनिराळ्या प्रांतांचे शिक्षणमंत्री आले होते. अध्यक्षस्थानी गांधीजी. आदल्याच वर्षी ते सेगावात, म्हणजे पुढच्या सेवाग्रामात, राहायला गेले होते. दोन दिवसांच्या चर्चेअखेर चार ठराव झाले. सात वर्षांचे शिक्षण सगळ्या देशात मोफत आणि सक्तीचे असावे. ते मातृभाषेतून द्यावे. एखाद्या उत्पादक हस्तव्यवसायाभोवती सगळे शिक्षण गुंफावे. आणि या पद्धतीतून हळूहळू निदान शिक्षकाच्या पगाराचा खर्च तरी निघावा. टकळीवर सूत काततानाच गणित यावे, कापसाच्या बोंडातून भूगोल उलगडावा, आणि झालेल्या सुतातून गुरुजींची चूलही पेटावी, असा तो विचार.

या चौथ्या ठरावावरच खडाजंगी झाली. सरकारजवळ पैसा नव्हता, शाळा तर गावोगाव हव्या होत्या. म्हणून शाळेने आपल्या पायांवर उभे राहावे, हे गांधीजींचे म्हणणे. अर्थशास्त्रज्ञ के. टी. शहा यांनी विचारले की, मुलांनी केलेला माल बाजारात आला तर पोटासाठी तोच माल करणाऱ्या कारागिराचे काय? आणि जामिया मिलियाचे डॉ. झाकीर हुसेन, जे पुढे १९६७ साली राष्ट्रपती झाले, तेव्हा माझ्यासारखेच चाळिशीत होते. त्यांनी भर सभेत धोक्याची घंटा वाजवली. स्वावलंबनाचा हव्यास धरला, तर शिक्षकाचा मुकादम होईल आणि गरीब पोरांच्या कष्टांवर शाळा चालू लागतील, असा त्यांच्या म्हणण्याचा आशय होता. गंमत अशी की, योजना आखणाऱ्या समितीचे अध्यक्ष गांधीजींनी याच गृहस्थांना केले! समितीत विनोबा होते, काका कालेलकर होते, किशोरलाल मश्रूवाला होते, आणि शंका काढणारे शहाही होते. डिसेंबरात अहवाल आला, आणि त्यातही हा इशारा लिहिलेला होता. मुलांनी किती सूत काढले यावर नजर खिळली, तर मुले काय शिकली हे पाहायचे राहून जाईल.

त्याच सुमारास मध्यप्रांताचे शिक्षणमंत्री पंडित रविशंकर शुक्ल यांनी दुसरी वाट धरली. तिचे नाव विद्यामंदिर योजना. गावाने शाळेला जमीन द्यावी आणि त्या जमिनीच्या उत्पन्नावर शिक्षकाचा संसार चालावा. या शाळांसाठी शिक्षक तयार करणारे विद्यालय १९३८ च्या एप्रिलमध्ये गांधीजींच्या हस्ते उघडले, तेही वर्ध्यातच. ‘मंदिर’ या नावावरून वाद माजले, १९३९ च्या नोव्हेंबरात मंत्रिमंडळाने राजीनामा दिला आणि योजनेतले बळ ओसरले. सेवाग्रामात मात्र आर्यनायकम् आणि आशादेवी या दांपत्याने नयी तालीमचे काम कित्येक वर्षे चालवले. ते सिंहलद्वीपचे, ती बंगाली, दोघेही शांतिनिकेतनातून आलेली. त्याच आवारात २००५ साली आनंद निकेतन ही शाळा पुन्हा उभी राहिली.

माझ्या आठ पानांचे सार एवढेच होते की, शाळेचा भार कोणी उचलायचा, याची दोन उत्तरे वर्ध्याने एकाच वेळी ऐकली. एक उत्तर म्हणाले, मुलांच्या हातांनी. दुसरे म्हणाले, गावाच्या जमिनीने. शेवटी दोन सुभाषिते जोडून मी पाने खिशात घातली आणि शनिवारी सकाळी स्कूटरला किक मारली.

शाळा टुमदार होती. आवारात कडुनिंब, त्याला सिमेंटचा नवाकोरा पार. भिंतींवर बाराखडी, पाढे आणि विदर्भाचा नकाशा. मुख्याध्यापकबाईंनी फिरवून सारे दाखवले. प्रत्येक वस्तूमागे कोणीतरी होते. पाण्याची टाकी एका निवृत्त तलाठ्यांची. रंग एका दुकानदाराचा. गणवेशांची उसवलेली शिवण फुकट घालून देणारा शिंपी चौकातला. रुग्णालयात काम करणाऱ्या काही परिचारिका वर्गणी काढून वह्या देत. जमीनदाराची एकर दोन एकर जमीन नव्हे. पण थेंबाथेंबाने गाव शाळेच्या पाठीशी होते. २००९ च्या शिक्षणहक्क कायद्याने शाळा व्यवस्थापन समितीत तीन चतुर्थांश पालक आणि निम्म्या स्त्रिया असाव्यात असे सांगितले आहे. इथल्या बाया त्या समितीत केवळ सहीपुरत्या नव्हत्या. खिचडीचा तांदूळ निवडताना त्या मुख्याध्यापकबाईंना हिशेब विचारत.

वर्गातल्या पंख्याकडे मी पाहिले. तिन्ही पात्यांवर देणगीदाराचे नाव रंगवलेले होते. बाईंनी बटण दाबले. पंखा गरगरला, नाव नाहीसे झाले आणि वारा लागला.

“हे काका दर वर्षी येतात,” बाई म्हणाल्या, “आणि पंखा बंद करा म्हणतात.”

“नाव वाचायला?”

“नाही हो. धूळ पुसायला.”

मी ओशाळलो. तो काही माझा पहिला ओशाळा क्षण नव्हता आणि त्या दिवसातला शेवटचाही नव्हता.

कार्यक्रम सुरू झाला. स्वागतगीत झाले. मग गुणगौरव. तालुक्याच्या क्रीडास्पर्धेत धावलेली एक काटक मुलगी, चित्रकलेत बक्षीस मिळवणारा एक मुलगा, वर्षभर एकही दिवस शाळा न चुकवलेले चौघे. टाळ्यांचा कडकडाट झाला. मग शिष्यवृत्तीचे यशस्वी विद्यार्थी. ही परीक्षा आमच्या वेळी चौथीला असे. २०१७ साली ती पाचवीला नेण्यात आली होती. शाळेतून आठ जण बसले होते, तिघांना शिष्यवृत्ती मिळाली. तिघांचे आईबाप मंचावर आले. एका आईने दोन्ही हातांनी ते प्रमाणपत्र असे धरले, जणू हिंदकळले तर सांडेल.

राहिलेले पाच जण पहिल्याच ओळीत बसले होते. त्यांच्यापुढे गुलाबाच्या फुलांचे ताट होते. बाई माझ्या कानाशी येऊन म्हणाल्या, “गावकऱ्यांचा सत्कार आम्ही या पाच जणांच्या हातून करतो सर. मंचावर यायला कुणी उरू नये.” कल्पना मला आवडली. चार जणांनी टाकीवाल्या तलाठ्यांना, रंगवाल्यांना, शिंपीदादांना आणि परिचारिकाताईंना फुले दिली. पाचवे नाव पुकारले गेले ते कडुनिंबाचा पार बांधणाऱ्या गवंड्याचे. दिवसभर दुसरीकडे राबून महिनाभर संध्याकाळी त्याने तो पार बांधला होता, मजुरीचा एक पैसा न घेता. गवंडी मंचावर आला. इस्त्रीचा सदरा, पण नखांच्या कडांना सिमेंट तसेच. तो उभा राहिला. फूल देणारा मुलगा आला नाही.

सगळ्यांनी इकडेतिकडे पाहिले. मुलगा दाराच्या आड उभा होता. कोणीतरी हाक मारली, “अरे ये ना, तुझाच तर बाप आहे!”

म्हणूनच तो येत नव्हता, हे माझ्या लक्षात आले. बाकीच्यांच्या लक्षात आले की नाही, मला सांगता येत नाही. पण मला ते दार ओळखीचे होते. तीस-पस्तीस वर्षांपूर्वी अशाच एका दाराआड मी उभा होतो.

हिंगणघाट तालुक्यातले आमचे खेडे. मी चौथीत. शिष्यवृत्तीला आम्ही चौघे बसलो होतो, आणि गुरुजी आमची रात्रीची जादा शिकवणी घेत. गावात विजेचे खांब होते; वीज लहर लागेल तेव्हा येई. त्यामुळे कंदील. कंदिलाला मातीतेल, म्हणजे तुमच्याकडे ज्याला रॉकेल म्हणतात ते. रेशनवर मिळणाऱ्या त्या तेलातून रोज एका घराने बाटलीभर द्यायचे अशी गावाने पाळी लावली होती. ज्यांची मुले परीक्षेला नव्हती त्यांचीही पाळी असे. आमच्या घराशेजारी एक एकटी म्हातारी राहायची. आम्ही सारे तिला बुढी म्हणत असू. आमच्या भागात या शब्दात हेटाळणी नाही, वडीलकी आहे. तिच्या पाळीच्या दिवशी ती बाटली घेऊन स्वतः शाळेत यायची, आणि त्या रात्री तिच्या झोपडीत अंधार असायचा. ते मला आमच्या खिडकीतून दिसायचे.

निकाल लागला. दोघांना शिष्यवृत्ती मिळाली. माझी सात गुणांनी हुकली. शाळेत पेढे वाटले, दोघांना हार घातले, गावाने बँड लावला. मी दाराआड उभा. मला शिष्यवृत्तीचे दुःख नव्हते. माझ्या डोक्यात हिशेब चालला होता. बुढीच्या किती बाटल्या मी जाळल्या? त्यांतल्या चौथ्या हिश्शाचे मी काय केले? नऊ-दहा वर्षांच्या पोराने असा हिशेब मांडावा हे विचित्र वाटेल. पण मुले असलेच हिशेब मांडतात. आपण त्यांना अपूर्णांक शिकवतो, आणि ती ते नको तिथे वापरतात.

संध्याकाळी मी बुढीकडे गेलो आणि म्हणालो, “बुढे, तुझं मातीतेल वाया गेलं.”

ती भाकर थापत होती. हात न थांबवता म्हणाली, “काहून रे बाप्पा? मातीतेल तं जयतेच. उजेड पडला का नाई, थे सांग.”

आमच्याकडे ‘ळ’चा ‘य’ होतो. जळते ते जयते. पुढे महाविद्यालयात मी हा वर्णविकार मुलांना शिकवू लागलो, आणि दर वर्षी त्या ठिकाणी आलो की मला हे एकच उदाहरण आठवते. वर्गात ते मी कधी दिलेले नाही.

हे सगळे मला त्या मंचावर, बाप फुलाची वाट पाहत उभा असताना, क्षणभरात दिसले. मी उठलो. माझे नाव अजून पुकारलेले नव्हते. खिशातली आठ पाने खिशातच राहिली. मी ध्वनिक्षेपक हातात घेतला आणि बुढीची गोष्ट सांगितली, तुम्हाला सांगितली तेवढीच. उपदेश जोडला नाही. सुभाषिते तर नाहीच.

गोष्ट संपल्यावर टाळ्या झाल्या नाहीत. मागच्या ओळीतल्या एक आजीबाई मोठ्याने म्हणाल्या, “आमच्या गावातबी व्हती पाळी.” बायका हसल्या. त्या हसण्याच्या आडोशाने मुलगा दारामागून निघाला, ताटातले फूल उचलले आणि बापाकडे न पाहता पुढे केले. बापाने ते घेतले. एवढ्या जाड बोटांत ते कुठे धरावे, हे त्याला कळेना. मुलानेच मान वर केली आणि खिशाकडे बोट दाखवले. बापाने फूल खिशात खोवले. एवढेच झाले. कोणी रडले नाही, कोणी मिठी मारली नाही. गवंडी आपल्या जागेवर जाऊन बसला, आणि मुलगा त्याच्या शेजारी जाऊन टेकला.

परत येताना झाकीर हुसेनांचा इशारा माझ्या मनातून जाईना. भाषण लिहिताना मला तो जुना वाटला होता. आता शाळांत टकळ्या नाहीत, मुलांचे सूत कोणी मोजत नाही. पण गुण मोजतो ना? शाळेच्या फाटकावर यशवंतांची छायाचित्रे लागतात, वर्तमानपत्रांत टक्के झळकतात, चाळीत आणि सदनिकांत निकालाच्या दिवशी आईबाप एकमेकांच्या दारांवर कान लावतात. शाळेचे नाव, घराण्याची अब्रू, आईबापांच्या कष्टांची परतफेड असा सगळा भार आपण त्या गुणांच्या धाग्यावर तोलतो. धागा काढणारा तोच, नऊ-दहा वर्षांचा.

गुणगौरव करू नये, असे मी म्हणत नाही. ज्या आईने प्रमाणपत्र दोन हातांत धरले होते, तिच्या तोंडावरचा आनंद पाहून तसे म्हणण्याची कोणाची जीभ रेटेल? तो व्हावा, दणक्यात व्हावा. पण गावाने दिलेले तेल हे कर्ज नव्हे, हेही मुलाला कोणीतरी एकदा सांगावे लागते. गाव शाळेला टाकी देते, पंखा देते, पार बांधून देते, ते आपल्या खांद्यावरचा भार मुलाच्या खांद्यावर द्यायला नव्हे. मुलाच्या खांद्यावरचा आपण घ्यायला. तिघांना शिष्यवृत्ती मिळाली. पार आठांच्याही बसण्यासाठी आहे, आणि परीक्षेला न बसलेल्यांसाठीही.

निरोप देताना मुख्याध्यापकबाई म्हणाल्या, “सर, तुमचं भाषण राहूनच गेलं.” धाकटा शिक्षक जवळच होता. “पुढच्या वर्षी सरांनाच पहिल्यांदा विचारू,” तो म्हणाला. या वेळी थोरल्याने त्याला कोपर मारले नाही.

घरी आलो तो कन्या पुन्हा एक उत्तरपत्रिका घेऊन उभी. या खेपेस विज्ञान, वीसपैकी सोळा. ती सवयीने सावध झाली होती. घडी आधीच अर्धी घातलेली. चार कुठे गेले, हा प्रश्न माझ्या जिभेच्या टोकापर्यंत आला, नाही असे नाही. पिढ्यांची सवय एका शनिवारात जात नाही. मी तो गिळला आणि विचारले, “यातला कुठला प्रश्न सोडवताना मजा आली?”

तिने माझ्याकडे पाहिले, मग स्वयंपाकघराकडे पाहिले आणि हाक मारली, “आई, बाबांना बरं वाटत नाहीये का गं?”

मग मात्र ती माझ्याजवळ बसली, घडी उलगडली आणि काजवा का चमकतो ते मला समजावून सांगू लागली. दोन गुणांचे उत्तर होते. ते तिने मला पाऊण तास सांगितले.